उसनी चाल

माणूस चोर आहे की नाही हे मला त्याच्या तोंडावरून कधीच कळत नाही, चालण्यावरून कळतं. एका मोठ्या दुकानाच्या बाहेर पडायच्या दारावर उभं राहून लोकांच्या पिशव्या तपासायच्या, हे माझं काम. तोंडं सगळ्यांचीच साळसूद असतात. पण कोटात चोरलेली बाटली असली की माणूस पाऊल जपून टाकतो, आणि दार जवळ आलं की उगाचच सैल पडल्यासारखं दाखवतो. कुणी माझ्याकडे बघून गोड हसलं की मी आधी त्याचे पाय बघते. आमचे मॅनेजर म्हणतात, "बाई, तुम्ही स्वतःच्या सावलीचीसुद्धा झडती घ्याल." मी म्हणते, सावलीनं पिशवी आणली तर घ्यायलाच हवी.

आता अशा बाईच्या घरात, तिच्या नाकासमोर, तिचा सख्खा नवरा सोंग करतोय अशी शंका तिला आली, तर तिला झोप कशी लागायची?

आमचे हे लिफ्टा दुरुस्त करायचे. सगळा जन्म वर-खाली करण्यात गेला. मग एक दिवस पाना धरलेला हात आपोआप हलायला लागला. डॉक्टरांनी पार्किन्सन असल्याचं सांगितलं. हळूहळू अक्षर मुंगीएवढं झालं, आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा झाला, आणि चेहऱ्यानं तर संपच पुकारला. हसू आतून येतं पण ओठांपर्यंत पोचत नाही, असं डॉक्टर म्हणाले. असेलही. पण इतकी वर्षं ज्या तोंडाशी भांडले त्या तोंडानं उत्तरच द्यायचं बंद केलं, तर मी भांडायचं कुणाशी?

सगळ्यात वाईट म्हणजे दारं. मोकळ्या खोलीत हे पाय घासत का होईना चालतात, पण स्वयंपाकघराच्या दारात आले की जमिनीला चिकटतात. अंग पुढे झुकतं, पाय तिथल्या तिथे थरथरतात. मग मी हातातलं काम टाकून जाते, समोर उभी राहते, दोन्ही हात धरते, जरा डावीकडे-उजवीकडे डोलवते आणि म्हणते, "चला, डावा." की सुटतो एक पाय. दिवसातून हे कितीदा होतं ते विचारू नका. त्यासाठीच मी दारावरची पूर्ण वेळची पाळी सोडली आणि अर्ध्या दिवसाची घेतली. मला माझं दार फार आवडायचं. ते अर्धं सोडताना मी कुणाला दाखवलं नाही, पण जिवावर आलं होतं.

गेल्याच आठवड्यात मॅनेजरांचा घरी फोन आला. "बाई, दारावर पूर्ण वेळ परत येताय का? शनिवारपर्यंत सांगा. नाहीतर मी दुसरी कुणी बघतो." माझा फोन जुना आहे, त्यातलं बोलणं अख्ख्या खोलीला ऐकू जातं. हे खुर्चीत बसले होते. मी म्हटलं, "कसं शक्य आहे हो? घरी ही अशी अवस्था." यांच्या तोंडावरची माशीसुद्धा हलली नाही.

नाटकाचं खूळ डॉक्टरांचंच. "गोळ्या चालूच राहतील," ते म्हणाले, "पण जोडीला हे करून बघा. यानं आजार जात नाही. पण काही लोकांना चालायला, बोलायला, जगायला जरा बळ येतं." पोहण्याच्या तलावामागे लाकडी जमिनीचा एक हॉल आहे, तिथे दर आठवड्याला असे आजारी लोक जमतात आणि एक बाई त्यांच्याकडून नाटक करून घेते. मी पहिल्या दिवशी सोबत गेले. हॉलभर तलावातल्या औषधाचा उग्र वास. हाताच्या खुर्च्या गोल मांडलेल्या, जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवलेल्या. बाई अनवाणी, केस कापलेले, आणि तिच्या झोळीची चेन सताड उघडी. ज्या बाईला स्वतःची पिशवी बंद ठेवता येत नाही, तिच्या हाती मी नवरा सोपवायचा? मी मनातल्या मनात तिचं नाव नाटकवाली ठेवलं.

आणि करायला काय लावायची, तर हात थरथरणाऱ्या माणसांना भरलेले पेले घेऊन चालायला लावायची. हा जर इलाज, तर पोहता न येणाऱ्याला शेजारच्या तलावात ढकलून देणं हाही इलाजच म्हणायचा.

हे मात्र आठवड्याच्या आठवड्याला जायला लागले. नाटकवालीच्या संस्थेची गाडी न्यायची, आणून सोडायची. घरी येऊन ताकास तूर लागू देत नसत. "काय केलंत आज?" विचारलं की म्हणायचे, "सराव." एवढंच. फार झालं तर, "दातांच्या बाई छान करतात." या दातांच्या बाई म्हणजे निवृत्त डॉक्टरीण. त्यांनाही हाच आजार. हात हलायला लागल्यावर लोकांच्या तोंडात हत्यारं घालायचं बंद करावं लागलं, असं म्हणतात. वाईटच. पण माझ्या भाजीला कधी छान न म्हणणारा माणूस दातांच्या बाईंना छान म्हणायला लागला, तेव्हा माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

मग तो गोळ्यांच्या डबीचा दिवस आला. हे डबी घरीच विसरून गेले. मी कामावरून घरी आले तर ती समोरच, आणि दुपारच्या गोळीची वेळ होत आलेली, म्हणून ती घेऊन धावतपळत हॉलवर पोचले. दार लोटणार, एवढ्यात दाराच्या काचेतून आत दिसलं.

माझा नवरा चालत होता.

चालत होता म्हणजे कसा? हात पाठीमागे गुंतवलेले, हनुवटी वर, डावा खांदा किंचित पुढे. टाच आधी, मग चवडा. मध्येच थांबून मान वळवून मागे बघायचं, आणि परत पुढे. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मध्ये दोन खुर्च्या मांडून दार केलेलं होतं, त्यातूनसुद्धा न अडखळता! आणि वर आवाज! "माझ्या परवानगीशिवाय या बोटीवरून एकही माणूस खाली उतरणार नाही!" तो आवाज काचेतून बाहेर आला. घरात मीठ मागतानाही मला ज्यांच्या ओठांजवळ कान न्यावा लागतो, ते हे गृहस्थ. हे बोटीचे कप्तान, आणि समोर दातांच्या बाई प्रवासी होऊन उभ्या होत्या आणि खदखदून हसत होत्या.

आणि हे सगळं गोळीचा जोर उतरत आलेला असताना.

मी आत गेले नाही. डबी रखवालदाराच्या हातात दिली, "लगेच द्या" म्हणून बजावलं आणि घरी आले. वाटेत दोन गोष्टी डोक्यात घणासारख्या बसत होत्या. एक म्हणजे या माणसाला चालता येतं. आणि दुसरी, ही चाल याची नाही. लग्नाच्या आधीपासून मी यांची चाल ओळखते, ते लांब ढांगा टाकत, खाली बघत चालायचे. ही चाल दुसऱ्या कुणाची तरी होती. ओळखीची वाटत होती, पण नेमकी कुणाची ते कळेना. अशी चाल कुणाची असते ते मात्र पक्कं ठाऊक होतं. जगावर काडीचा विश्वास नसलेल्या, स्वतःला अतिशहाणं समजणाऱ्या, दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणाऱ्या माणसाची असते. असल्या माणसाशी आमच्या यांची ओळख कधी झाली?

संध्याकाळी गाडीनं सोडलं. हे आत आले, कोट काढला, आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन नेहमीसारखे खिळले. मी ओट्याजवळून बघत राहिले. अंग पुढे, पाय थरथर, चेहरा कोरा. अगदी खरं वाटत होतं. पण खरं वाटणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. मी गेले, हात धरले, "चला, डावा" म्हटलं. सुटला पाय.

"आज सराव कसा झाला?" मी विचारलं.

"बरा."

"चालायला लावतात का हो तिथे?"

"थोडं."

थोडं!

मला मन मोकळं करायला जागा नव्हती, म्हणून मी वन्संना फोन लावला. वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. त्यांनी तर आगीत तेलच ओतलं. "अगं, तुला म्हणून सांगते," त्या म्हणाल्या, "लहानपणी शाळेचा दिवस उजाडला की याचं पोट दुखायचं. असं दुखायचं की आमची आई रडायला लागायची. एकदा मी म्हटलं, आज शाळेला सुट्टी आहे रे, तर हा टुणकन उठून पतंग घेऊन पळाला. तो तुला नाचवतोय, वहिनी. आयतं सगळं हातात मिळतंय, कोण सोडेल?"

"पण वन्सं, आजार तर खरा आहे. डॉक्टरांनी सांगितलंय."

"पोटही कधी कधी खरंच दुखायचं," वन्सं म्हणाल्या. "तीच तर गंमत होती."

मग मी ठरवलं, पारख करायची. दुकानात आमचा नियम आहे, चोरानं दार ओलांडेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. आत असेपर्यंत तो म्हणू शकतो, मी पैसे द्यायलाच निघालो होतो. तेव्हा आधी ओलांडू द्यायचं. दुसऱ्या दिवशी मी मोठ्यानं म्हटलं, "अहो, मी भाजी आणायला जाते!" बाहेरचं दार उघडलं, धाडकन लावलं, आणि आतच राहून पॅसेजमध्ये टांगलेल्या कोटांच्या मागे उभी राहिले. तिथून स्वयंपाकघराचं दार नीट दिसतं. आपल्याच घरात कोटांमागे लपून बसलेली बाई कशी दिसत असेल, हा विचार मनात आला, पण मी तो फार वेळ टिकू दिला नाही.

हे खुर्चीतून उठले. उठायला वेळ लागला, दोनदा मागे पडले, तिसऱ्यांदा उठले. दारापर्यंत आले आणि थांबले. पाय थरथरायला लागले. बराच वेळ तसेच उभे. मला वाटलं, खोटं असतं तर रिकाम्या घरात कशाला थांबतील? मी आता बाहेर येणारच होते. तेवढ्यात यांनी एक मोठा श्वास घेतला. हात मागे गेले, बोटं बोटांत गुंतली, हनुवटी वर झाली, डावा खांदा पुढे आला. आणि टाच टेकवत, ऐटीत, हे दारातून आत गेले! नळाचा आवाज आला.

मी बाहेरचं दार पुन्हा उघडलं, पुन्हा आपटलं आणि ओरडले, "आले हो! पिशवीच विसरले!"

हे पेला घेऊन परत निघाले होते. माझा आवाज आला आणि त्याच दारात, त्याच जागी खिळले. पाणी पेल्यात हिंदकळत होतं. चेहरा पाटी पुसल्यासारखा कोरा.

मी चोर रंगेहाथ पकडला होता. मी जाऊन पेला काढून घेतला, त्यांचे हात धरले, जरा जोरातच धरले, आणि त्यांना बाहेर आणलं. पिशवी घेतली आणि भाजीला निघाले. आत मात्र माझा संताप संताप होत होता. मी माझं दार अर्धं सोडलं, माझी पाळी सोडली, रोज ओल्या हातांनी धावले, आणि हा माणूस पाठ वळली की राजासारखा चालतो! मला रडू आलं. रडू आलं याचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी मी नाटकवालीला गाठलं. हॉलमध्ये ती एकटीच जमिनीवर बसून पट्ट्या चिकटवत होती.

"आमचे हे नाटकात काम करणार नाहीत," मी म्हटलं. "घरी सोंग, इथे सोंग. माझ्या घरात एवढी सोंगं मावत नाहीत."

तिनं मला खाली बसायला सांगितलं नाही, बरं केलं. स्वतःच उठली. "घरी चालत नाहीत म्हणून म्हणताय ना?" ती म्हणाली. "बऱ्याच घरांतून लोक मला हेच विचारायला येतात. असं आहे ताई, तुम्ही-आम्ही चालतो तेव्हा चालायचा हुकूम आपोआप सुटतो. यांचा तो हुकूम मध्येच अडकतो. स्वतःची चाल येत नाही. पण दुसऱ्याची चाल मुद्दाम, आठवून, नक्कल करत चालायची म्हटलं की कधी कधी पाय ऐकतात. म्हणून मी इथे प्रत्येकाला सांगते, कुणाची तरी चाल उसनी आणा. तुम्हाला अगदी पाठ असलेल्या माणसाची."

"मग घरी का नाही आणत उसनी?"

"दर वेळी जमत नाही. थकलं, घाबरलं, कुणी घाई केली की नाहीच जमत. दोन्ही खरं असतं, ताई. चालणंही आणि अडकणंही."

ऐकायला गुळगुळीत होतं. गुळगुळीत बोलणाऱ्यांची पिशवी मी दोनदा बघते. "यांनी कुणाची चाल आणलीय?" मी विचारलं.

ती हसली. "ते मी विचारत नाही. आमच्याकडे नियमच आहे, ज्याची चाल घेतली त्याचं नाव सांगायचं नाही. नाहीतर माणसं लाजतात आणि चाल बिघडते."

नाव सांगायचं नाही! बरोबर. काळंबेरं असतं तिथे नाव सांगत नाहीतच. एवढी पाठ असलेली चाल, आणि ती मला ठाऊक नाही. म्हणजे माझ्या नकळत हे कुणाला तरी इतकं बघत बसले होते की तिचा खांदा, तिची टाच, तिची मान सगळं अंगात उतरलं. दातांच्या बाईंची नव्हती, त्या तुरुतुरु पावलं टाकतात, ते मी पाहिलं होतं. नाटकवाली उड्या मारत चालते. मग कोण? "शनिवारी सांगते काय ते," मी म्हटलं आणि निघाले. शनिवारी मला मॅनेजरनाही सांगायचं होतं. माझं जवळजवळ ठरलं होतं. पूर्ण वेळ दारावर जायचं. ज्याला चालता येतं त्यानं चालावं, आणि ज्या भवानीची चाल आणलीय तिला बोलवावं हात धरायला.

शुक्रवारी दुकानात महागडे स्कार्फ गेले. मॅनेजरांनी मला कॅमेऱ्याच्या खोलीत पाठवलं. "आदल्या दिवसाचं चित्रण बघा, तुमची नजर तयार आहे." त्या खोलीत एक कॅमेरेवाला असतो, निवृत्तीला आलेला, सदानकदा बिस्किटं खात बसलेला. त्यानं चित्रण लावलं. कॅमेरा उंचावर, चित्र धुरकट, माणसांची डोकी आणि पाठी तेवढ्या दिसतात. मी डोळ्यांत तेल घालून बघत होते. एक जोडपं गेलं. एक म्हातारा गेला. मग दाराजवळ एक बाई दिसली, पाठमोरी.

हात मागे गुंतवलेले. डावा खांदा पुढे. टाच आधी, मग चवडा. मध्येच थांबली, मान वळवून मागे बघितलं, आणि परत पुढे.

"थांबवा!" मी ओरडले. "हीच ती! हीच!"

"स्कार्फवाली?" कॅमेरेवाला दचकला.

"स्कार्फ गेले खड्ड्यात. ही बाई कोण आहे? अंगात आपल्याच दुकानाचं जॅकेट आहे. म्हणजे आपल्यातलीच! बघा, कसं चालतेय ते. जसं काही सगळं दुकान हिच्या बापाचं. कोण आहे ही? कुठल्या मजल्यावर असते? मला आत्ताच्या आत्ता भेटायचंय हिला."

कॅमेरेवाल्यानं पडद्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग बिस्किट खाली ठेवलं.

"बाई," तो म्हणाला, "या तुम्हीच आहात."

मी म्हटलं, काहीतरीच. त्यानं चित्र पुढे सरकवलं. ती बाई वळली, हनुवटी वर करून एका गिऱ्हाइकाकडे हात पुढे केला, पिशवी उघडायला लावली. माझंच तोंड होतं. मी हजारो माणसांच्या चाली ओळखते, पण स्वतःला पाठीमागून चालताना कधी पाहिलं नव्हतं. कोण पाहतं? आरशात माणूस उभा असतो, चालत नसतो.

"सगळं दुकान तुम्हाला याच चालीवरून ओळखतं," कॅमेरेवाला म्हणाला. "लांबून दिसलात की आम्ही बिस्किटं लपवतो."

मी खुर्चीत बसून राहिले. जगावर काडीचा विश्वास नसलेली, अतिशहाणी, दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणारी. तीन दिवस जिला मी मनातल्या मनात शिव्या घालत होते, ती मीच होते. स्कार्फ कुणी नेले ते त्या दिवशी मला सांगता आलं नाही.

घरी आले तेव्हा हे खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. मी कोटसुद्धा काढला नाही.

"माझी चाल उसनी घेतलीत," मी म्हटलं, "मला न विचारता."

हे माझ्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावर काही नाही. पण मांडीवरचा हात जास्त हलायला लागला.

"नाव सांगायचं नसतं," ते हळूच म्हणाले.

"मी ओळखलंय. आता सांगा. माझीच का?"

"दुसऱ्या कुणाची पाठच नाही." ते बोलताना मी खाली वाकून कान जवळ नेला. "काम संपलं की मी तुझ्या दुकानासमोर येऊन थांबायचो. तुझी पाळी सुटेपर्यंत. काचेतून तू दिसायचीस. इतकी वर्षं बघितलं. स्वतःची चाल विसरलो, तुझी नाही विसरलो."

हे मला कधी बोलले नव्हते. मला वाटायचं, पाळी सुटायच्या वेळेला हे नेमके पोचतात. आमचा माणूस घड्याळाचा पक्का, असं मी मैत्रिणींना सांगत असे. पण चौकशी अर्धवट सोडणं माझ्या रक्तात नाही.

"मग परवा मी कोटांच्या मागे होते," मी म्हटलं. "तुम्ही दारातून गेलात, मी पाहिलं. माझा आवाज आला आणि थांबलात. ते काय होतं?"

"कोटांच्या मागे?" ते म्हणाले.

"विषय बदलू नका."

त्यांचे शब्द असे एकेक करून येतात, धरून ठेवावे लागतात. "पुष्कळदा खरंच अडकतो," ते म्हणाले. "देवाशपथ. पाय माझे राहत नाहीत. पण कधी कधी... सुटू शकेल असं वाटतं, तरी थांबतो."

"का?"

"थांबलो की तू येतेस. दोन्ही हात धरतेस. आजाराआधी कधी धरले होतेस?"

मी आठवून बघितलं. बाजारात पिशवी धरली होती, हॉस्पिटलात फाइल धरली होती. हात आठवेना.

"आणि त्यात तो फोन आला," ते म्हणाले. "मी चालतो असं कळलं असतं तर तू पूर्ण वेळ गेली असतीस."

"म्हणजे सोंगच होतं!" माझा आवाज चढला.

"कधी कधी."

"कधी कधी म्हणजे कोणत्या वेळी? काल संध्याकाळी? आज सकाळी?"

"ते नाही सांगणार," ते म्हणाले. त्या कोऱ्या चेहऱ्यात कुठेतरी, डोळ्यांच्या कोपऱ्यात, काहीतरी हललं. शपथेवर सांगते, हे हसत होते.

मला भयंकर राग आला होता. लाजही वाटत होती. आणि या दोन्हींच्या खाली, एखाद्या वेड्या मुलीसारखा आनंद झाला होता, तो लपवायला मी तोंड फिरवून कोट काढायला गेले.

शनिवारी मी नाटकवालीला सांगितलं की कप्तान येतील. मॅनेजरना सांगितलं की अर्धा दिवसच बरा आहे. त्यांनी कारण विचारलं. "घरात चोर सापडलाय," मी म्हटलं, "त्याच्यावर नजर ठेवायला हवी." त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. पूर्ण वेळचं दार हातचं गेलं याचं वाईट वाटलंच, ते काही मी नाकारणार नाही. घरी येताना दुकानाच्या काचेबाहेर, हे जिथे उभे राहत असतील तिथे, मी क्षणभर उभी राहून बघितलं. तिथून आत सगळं स्वच्छ दिसतं.

संध्याकाळी मी ओट्यापाशी भांडी विसळत होते. हे खुर्चीतून उठल्याचं ऐकू आलं. पाय घासत दारापर्यंत आले. मी नळ बारीक केला आणि हात पुसून तयार राहिले.

हे थांबले नाहीत. आता चोरी उघडी पडली होती, लपवायचं काही उरलं नव्हतं. हात मागे, हनुवटी वर, डावा खांदा पुढे. माझ्याच ऐटीत दार ओलांडून आत आले, माझ्याजवळून पुढे गेले आणि पेल्यासाठी कपाटाकडे वळले. छान चालले. डॉक्टरांनी बघितलं असतं तर टाळ्या वाजवल्या असत्या. याच एका गोष्टीसाठी मी इतके दिवस जीव टाकत होते. आणि मी पुसलेले हात घेऊन तशीच उभी होते, त्यांचं काय करायचं ते न कळून.

"अहो, थांबा," मी म्हटलं.

हे वळले. "का? काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं, आणि जाऊन दोन्ही हात धरले.